जंतूंची ओळखपरेड



कफ परेडच्या मच्छीमार नगरात होड्या किनाऱ्याला लागल्या, की मासळीच्या पाट्या उतरतात. पाटीत नाना तऱ्हेची मासळी एकत्र पडलेली असते. नवख्या माणसाला तो नुसता चंदेरी ढीग वाटतो. पण तिथल्या तिसरी-चौथीतल्या मुलाला विचारून पाहा. तो भराभर सांगेल, हे पापलेट, हा हलवा, ही मांदेली, हे बोंबील. पापलेट आणि हलवा दोन्ही चपटे, आकारानं सारखेच. पण एक चंदेरी, दुसरा काळपट. बोंबील हातात धरला तर लिबलिबीत लागतो, बांगडा टणक. म्हणजे आकार, रंग, स्पर्श, कुठल्या जाळ्यात सापडतो, अशा खुणांवरून तो मासा ओळखतो.

आता समजा, ही मासळी इतकी बारीक आहे, की खसखशीच्या एका दाण्याच्या लांबीत पाचशे मासे एकापुढे एक मावतील. वर त्यांना रंगच नाही, पाण्यासारखे पारदर्शक. मग कसं ओळखायचं?

रोगजंतू ओळखणाऱ्या प्रयोगशाळेपुढे रोज हाच प्रश्न असतो. ‘रक्त तपासून आणा’, ‘थुंकी तपासून आणा’ अशी चिठ्ठी डॉक्टर देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो. मधल्या वेळात तिथं काय चालतं, ते आज आपण पाहू या.

ताप एक, कारणं अनेक

पावसाळ्यात मुंबईत घरोघरी ताप येतो. पण ताप हा काही रोग नव्हे, ती शरीरानं वाजवलेली घंटा आहे. ती कुणामुळे वाजली, ते शोधावं लागतं. टायफॉइडचा ताप जिवाणूमुळे येतो. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्यावर होणारा लेप्टोस्पायरोसिसही जिवाणूमुळेच. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. डेंग्यू मात्र विषाणूमुळे होतो, तर मलेरियाचा परजीवी आणखी निराळाच.

पहिल्या दिवशी हे सगळे सारखेच दिसतात. अंग तापतं, डोकं दुखतं, जेवण नकोसं होतं. पण औषधं मात्र पूर्ण वेगळी! अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला त्याचं काहीच वाटत नाही. म्हणूनच शत्रू कोण ते ओळखल्याशिवाय बंदूक चालवण्यात अर्थ नसतो.

आणि एक सांगून ठेवते. जिवाणू म्हटलं की लगेच घाबरू नका. बहुतेक जिवाणू आपलं काहीच वाईट करत नाहीत. दुधाचं दही करणारेही जिवाणूच, बरं का!

मांडवीतला संशय

जंतू ओळखण्याचं महत्त्व आपल्या मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वी फार मोठी किंमत मोजून कळलं.

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराजवळच्या दाट वस्तीत माणसं तापानं फणफणत होती. कुणाच्या जांघेत, कुणाच्या काखेत गाठी उठत आणि काही दिवसांतच रोगी दगावत. गोव्यात जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस तिथं रोगी तपासायला जात. त्यांनी लक्षणं पाहून सांगितलं, हा साधा ताप नाही, हा गाठीचा प्लेग आहे. आज धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर या डॉक्टरांचा पुतळा आहे.

पण मुंबईसारख्या मोठ्या बंदरात प्लेग आहे, हे मान्य करणं सोपं नव्हतं. प्लेग म्हटला की जहाजं अडणार, व्यापार थांबणार, माणसं शहर सोडून पळणार. तेव्हा नुसत्या लक्षणांवर भागेना, जंतूचा पुरावा हवा होता.

सुदैवानं दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन यांनी रोग्यांच्या गाठीतल्या द्रवात प्लेगचा जंतू शोधून काढला होता. जपानचे किटासातोही त्याच वेळी तिथं हाच शोध घेत होते. पुढं या जंतूला यर्सिन यांचंच नाव मिळालं, यर्सिनिया पेस्टिस.

ऑक्टोबर १८९६मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसा शहरात १८६० साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. कॉलऱ्यावरची लस त्यांनी आधीच तयार केली होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना छोटीशी जागा मिळाली. मदतीला माणसं अगदी मोजकी. तिथं त्यांनी प्लेगचा जंतू काचपात्रात वाढवला. १० जानेवारी १८९७ रोजी त्या जंतूपासून बनवलेली लस त्यांनी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. त्यानंतरच लस इतरांना दिली गेली.

त्याच साथीत पुण्याला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेगनं गाठलं. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा प्लेगवर अँटिबायोटिकच नव्हतं. पहिलं अँटिबायोटिक पेनिसिलीन, त्याचा शोध लागायला १९२८ साल उजाडावं लागलं.

आता वळू या ओळखपरेडीकडे. पोलिसांच्या ओळखपरेडीत संशयितांना रांगेत उभं करतात. इथंही तसंच, फक्त संशयित फार बारीक!

पहिली पायरी : नमुना

जंतू जिथं लपला असेल तिथूनच नमुना घ्यावा लागतो. क्षयरोगाचा संशय असेल तर खोकून काढलेला बेडका, टायफॉइडचा असेल तर रक्त, मूत्रमार्गाचा त्रास असेल तर लघवी, घसा दुखत असेल तर घशाच्या आतून फिरवलेली कापसाची काडी.

ही पायरी आपल्या हातात असते. बेडका आणायला सांगितला आणि आपण तोंडातली नुसती लाळ नेली, तर यंत्र कितीही महागाचं असो, जंतू सापडणार नाही. सकाळी उठल्याबरोबर खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. नमुन्याची डबी स्वच्छ हवी, झाकण घट्ट हवं. आणि शक्य तोवर नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचा. आधीच औषध पोटात गेलं तर जंतू अर्धमेले होतात आणि प्रयोगशाळेत वाढतच नाहीत.

दुसरी पायरी : रंगपंचमी

नमुन्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरून वाळवतात, थोडी ऊब देतात आणि मग रंग देतात. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डेन्मार्कच्या डॉक्टरांनी शोधलेली पद्धत आजही जगभर वापरतात.

आधी जांभळा रंग घालायचा. मग आयोडीन घालून तो पक्का करायचा. नंतर स्पिरिटनं धुवायचं. शेवटी गुलाबी रंग. गंमत अशी, की काही जिवाणूंभोवती जाड भिंत असते. त्यांच्यातला जांभळा रंग धुऊनही जात नाही. ते जांभळेच राहतात. काहींची ती भिंत पातळ. त्यांचा जांभळा रंग निघून जातो आणि ते गुलाबी होतात. पहिल्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात, दुसऱ्यांना ग्रॅम निगेटिव्ह. एका फटक्यात संशयितांचे दोन गट!

मग सूक्ष्मदर्शकातून आकार पाहायचा. कुणी गोल, द्राक्षाच्या घोसासारखे. कुणी गोल, पण मण्यांच्या माळेसारखे. कुणी काडीसारखे. कॉलऱ्याचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा. प्लेगच्या जंतूची दोन्ही टोकं गडद रंगतात आणि मधला भाग फिका राहतो. मिटलेली सेफ्टी पिन दिसते ना, तसा!

क्षयाचा जंतू मात्र वस्ताद. त्याच्या अंगावर मेणासारखं कवच असतं. साधा रंग त्याला लागतच नाही. म्हणून लाल रंग घालून काचपट्टी गरम करतात. रंग आत शिरला, की मग आम्लानं धुतलं तरी तो सोडत नाही. बाकी सगळं निळं रंगवतात. निळ्या आभाळात लाल काड्या दिसल्या, की क्षयाचा संशय पक्का होत जातो. हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगाला दाखवला.

तिसरी पायरी : विरजण

काचपट्टीवर जंतू फार थोडे असले तर दिसत नाहीत. मग त्यांची संख्या वाढवायची. आई चमचाभर विरजणानं पातेलंभर दही लावते, तसंच. याला संवर्धन किंवा कल्चर म्हणतात.

कॉख यांनी सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या कापावर जंतू वाढवले. मग जिलेटिनची जेली वापरली. पण ती उन्हाळ्यात वितळून पाणी व्हायची आणि सगळी मेहनत वाया. त्यांचे सहकारी वॉल्टर हेस यांची पत्नी फॅनी हेस. तिनं १८८१च्या सुमारास सुचवलं, ‘अगर वापरून पाहा ना!’ ती घरी जेली करायला अगर वापरायची. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती हे शिकली होती.

अगर म्हणजे काय, माहीत आहे? समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेला पदार्थ. वाण्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतो, तोच. एकदा घट्ट झाला, की अंगाइतक्या उबेत वितळत नाही, कारण वितळायला त्याला उकळत्या पाण्याच्या जवळपास उष्णता लागते. स्वयंपाकघरातल्या एका सूचनेनं सगळ्या जगाच्या प्रयोगशाळा बदलल्या. १८८७ साली पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची बशी आणली. आजही जगभर पेट्रीच्या बशीत अगरच असतो.

तारेच्या कडीनं नमुना या बशीवर ओढतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअसच्या उबदार पेटीत ठेवतात. आपल्या अंगाचं तापमान तेवढंच. काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आता गणित करा. एक जिवाणू, दर वीस मिनिटांनी दुप्पट. सात तासांत किती? सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे वीस लाखांहून जास्त! दुसऱ्या दिवशी बशीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात. एकेका ठिपक्यात एकाच जिवाणूची लाखो पोरंबाळं. म्हणून त्याला वसाहत म्हणतात.

क्षयाचा जंतू मात्र आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. त्याची वसाहत दिसायला जुन्या पद्धतीनं तीन ते आठ आठवडे जातात.

हाफकिन यांची युक्ती ऐका. त्यांनी मांसाच्या रस्स्यावर आपलं साजूक तूप थेंब थेंब सोडलं. काही वेळा खोबरेल तेल. प्लेगचे जंतू तुपाच्या तवंगाला खालून चिकटून वाढू लागले आणि बारीक धाग्यांसारखे खाली लोंबू लागले. भूगोलात चुनखडीच्या गुहा वाचल्यात ना? छताला लवणस्तंभ लोंबतात, अगदी तसे. भांडं जरा जरी हललं, की सगळे धागे तुटून बर्फासारखे तळाशी जात. म्हणून भांडी मुळीच न हलवता ठेवावी लागत. असे धागे दिसले, की जंतू प्लेगचाच असल्याची खूण पटे. आपल्या घरातल्या तुपानं गुन्हेगार पकडून दिला म्हणायचा!

चौथी पायरी : आवडीनिवडी

आकार सारखा, रंग सारखा, तरी जंतू वेगळे असू शकतात. मग त्यांच्या खाण्याच्या सवयी पाहतात.

एका तऱ्हेच्या अगरमध्ये दुधातली साखर आणि एक रंग घातलेला असतो. पोटात राहणारा ई. कोलाय ती साखर खातो आणि त्याची वसाहत गुलाबी होते. टायफॉइडचा जंतू ती साखर खात नाही, त्याची वसाहत बिनरंगी राहते. समुद्र आणि खाडीच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू आणि त्याचे भाऊबंद राहतात. त्यांच्यासाठी हिरव्या रंगाचा वेगळा अगर असतो. त्यावर कॉलऱ्याच्या वसाहती पिवळ्या होतात, तर त्याचा एक भाऊ हिरवाच राहतो. तो कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मासळीतून पोट बिघडवतो. म्हणून मासळी ताजी, बर्फात ठेवलेली आणि नीट शिजवलेली हवी.

जखमेवर घालायचं हायड्रोजन पेरॉक्साइडही उपयोगी पडतं. एका वसाहतीवर थेंब टाकला, की फस्सकन बुडबुडे येतात, दुसरीवर येत नाहीत. द्राक्षाचा घोस आणि मण्यांची माळ हे दोन गोल भाऊ असे वेगळे काढतात.

पाचवी पायरी : कुठलं औषध?

जंतू ओळखला, तरी काम संपत नाही. बशीभर जंतू पसरून त्यावर निरनिराळ्या अँटिबायोटिकच्या कागदी टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसतं. त्या औषधानं जंतू मेले. काहींच्या अगदी कडेपर्यंत जंतू आरामात वाढलेले असतात. ते औषध या रोग्याला देऊन उपयोग नाही. पट्टीनं रिंगण मोजतात आणि रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढं जंतूवर लागू पडतं की नाही ते लिहितात.

खाली पडलेला चिमटा

प्रयोगशाळेत भांडी, कडी, चिमटे सगळं वाफेनं किंवा ज्योतीत धरून निर्जंतुक करतात. एवढी काळजी का?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिन यांची प्लेगची लस टोचली जात होती. एका बाटलीतून लस घेतलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं. त्यांना कामावरून दूर केलं. पुढं चौकशीतून बाहेर आलं, की बाटलीचं बूच काढायचा चिमटा तिथंच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच तर असतात! रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जगापुढं मांडली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. पण त्या एकोणीस माणसांचे जीव परत आले नाहीत. हाफकिन यांच्या उमेदीची वर्षंही गेली.

परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा हलली होती. तिलाच १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं.

उशीर झाला तर?

सप्टेंबर १९९४. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी पसरली. सुरतेहून लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं निघून गेली. काही देशांनी भारतातली विमानं थांबवली. हा प्लेगच का, की दुसरंच काही, यावर शास्त्रज्ञांमध्येही कितीतरी दिवस वाद चालला, कारण जंतूचा भक्कम पुरावा लवकर हाती आला नव्हता. पुढं जनुकांच्या तपासणीतून तो प्लेगचाच जंतू असल्याचं दिसलं. रिपोर्ट वेळेवर हाती नसला, की अफवा कशा धावतात, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

आज जनुकांवरून जंतू ओळखायची यंत्रं आली आहेत. जंतू वाढायची वाटच पाहायची नाही. त्याच्या जनुकाचा तुकडा सापडला, की यंत्र त्याच्या लाखो प्रती काढतं आणि ओळख पटवतं. कोविडच्या वेळी नाकात काडी घालून केलेली तपासणी आठवते? तिचं तत्त्व हेच, फक्त तो जिवाणू नसून विषाणू होता. क्षयरोगासाठी सीबीनॅट नावाची तपासणी आहे. बेडक्यात क्षयाचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो जुमानतो का, हे ती सुमारे दोन तासांत सांगते. कुठं आठ आठवडे आणि कुठं दोन तास! सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत असतात.

आपण काय करायचं?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर लाजायचं नाही, बेडका तपासून घ्यायचा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, शेजाऱ्यांना द्यायच्या नाहीत. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस औषध पुरं करायचं. ताप उतरला म्हणून अर्ध्यावर सोडलं, तर जगले-वाचलेले जंतू निगरगट्ट होतात. मग टिकलीभोवती रिंगण पडत नाही.

आणि पालकांनो, मुलाला बरं वाटत नसताना डॉक्टर आधी तपासणी सांगतात, तेव्हा ‘गोळीच द्या ना लवकर’ असा हट्ट धरू नका. कुठल्या जंतूची तपासणी आहे, ते जरूर विचारा. रिपोर्ट आला, की तो मुलांनाही वाचू द्या. संशयित कोण होते आणि त्यातला कोण पकडला गेला, हे त्यांना आता कळेल.

घरी करून पाहा

दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. दोन्हींत अर्धा चमचा विरजण मिसळा. एक वाटी ओट्यावर उबेला झाकून ठेवा, दुसरी फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल तर दुसरी वाटी मोठ्या भांड्यातल्या बर्फावर ठेवा आणि बर्फ वितळला की बदला. सहा तासांनी दोन्ही पाहा. कुठलं दूध विरजलं? का? कारण तुमच्या शब्दांत वहीत लिहा. दुसरे कुठलेही जंतू घरी वाढवायचे नाहीत हं! ते काम प्रयोगशाळेचं.